हॅलो, हॅलो... आवाज येतोय का?

मित्रांनो, रात्री नऊनंतर हॉस्टेलच्या गॅलरीत एकच वाक्य ऐकू येतं, "हॅलो आई, ऐकू येतंय का?" मग आपण नेटला शिव्या देऊन मोकळे होतो. पण "नेट खराब आहे" म्हणणं म्हणजे डॉक्टरांनी "तब्येत खराब आहे" एवढंच सांगण्यासारखं झालं. नक्की काय बिघडलंय, ते लक्षणांवरून शोधता येतं.

आधी थोडं गणित. जी.७११ या जुन्या कोडेकमध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. एका तुकड्यात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (आयपी २०, यूडीपी ८, आरटीपी १२). सेकंदाला अशी ५० पॅकेट्स, म्हणजे एका दिशेला फक्त ८० किलोबिट. इतकं तर आपल्या नेटला सहज झेपतं. मग अडतं कुठे?

१) आवाज तुटतो किंवा उशिरा येतो : रूममेट मोठी फाइल अपलोड करतोय का बघा. १ मेगाबिटच्या लाइनवर १५०० बाइटचं एक पॅकेट पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. अशी १५ पॅकेट्स रांगेत पुढे असली की आपला आवाज १८० मिलिसेकंद थांबला! एका दिशेचा उशीर १५० च्या आत असावा, असं आयटीयूची जी.११४ शिफारस सांगते. उपाय सोपा : पिंग चालू ठेवा. आकडे २०, २२, २१ असे आले तर ठीक. २०, १८०, ४५ असे उड्या मारायला लागले तर अपलोड थांबवा, किंवा राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेट्सना प्राधान्य द्या.

२) स्वतःचाच आवाज परत येतो : बहुतेक वेळा दोष समोरच्याकडे असतो. त्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो. त्याला हेडफोन लावायला सांगा.

३) एकाच बाजूला ऐकू येतं : यात आम्ही चांगलेच आपटलो. मिनी प्रोजेक्टसाठी लॅबमधल्या जुन्या पीसीवर अ‍ॅस्टरिस्क टाकलं होतं. रूममधून फोन लावला की रिंग जायची, लॅबमध्ये माझा आवाज पोचायचा, पण मला काहीच ऐकू यायचं नाही. डेमो परवावर आलेला. दोन रात्री आम्ही हेडसेट बदलले, ड्रायव्हर परत टाकले, एकमेकांवर चिडलो. शेवटी वायरशार्क लावलं आणि पाच मिनिटांत चोर सापडला. माझा फोन सर्व्हरला सांगत होता, "आवाज १९२.१६८.१.५ वर पाठव." हा तर रूममधल्या राउटरच्या आतला पत्ता! लॅबमधून तो सापडणार कसा? पत्रावर नुसतं "रूम नं. ५" लिहिलं तर पोस्टमन काय करणार?

रिंग वाजायची, कारण कॉल जोडणारं सिप आणि आवाज नेणारं आरटीपी वेगवेगळ्या वाटेने जातात. सर्व्हरमध्ये सिमेट्रिक आरटीपी चालू केलं, म्हणजे आवाज जिथून येतोय तिथेच उत्तर पाठवायचं, आणि कॉल नीट लागला. काही राउटरमध्ये "सिप एएलजी" नावाची सोय असते, ती मदतीऐवजी घोळच जास्त घालते. तीही बंद करून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी हेडसेट फेकण्याआधी तीन प्रश्न विचारा : तुटतोय, घुमतोय, की एकाच बाजूला येतोय? आणि हो, आम्ही गमावलेल्या दोन रात्री तुम्ही झोपून काढा!