उचल घेण्याआधी तिला विचारा

जव्हारच्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला 1992 साली कळलं, ते कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे. त्यानंतर जव्हार-मोखाड्यात पुष्कळ योजना आल्या. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पण दिवाळी सरली की जोडपी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि ते ताट पाड्यावरच राहतं. जायचं की नाही हे घरात कसं ठरतं, यावर मात्र कोणी बोलत नाही. पोषणाच्या कामानिमित्त मी या पाड्यांवर फिरत आले आहे. एका घरात जे पाहिलं, त्यावरून सांगते.

नवरा-बायको एकमेकांना जीव लावणारी. बोलणं एकेरीतलं, मोकळं, हसतखेळत. तिला दिवस गेले तसं त्याने तिला डोक्यावर हंडा घेऊ दिला नाही, बाजारही तोच करून आणायचा. त्याच प्रेमापोटी त्याने भट्टीच्या मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली. बाळंतपणाला पैसा हाताशी असावा, एवढाच विचार. घरी येऊन म्हणाला, "जाऊ ना?" ती म्हणाली, "जाऊ."

मूल भट्टीवरच झालं, दिवस भरण्याआधी. होळीला दोघं परतली तेव्हा ते इतकं हलकं होतं की उचलून घेताना माझेच हात थरथरले. तो ओटीवर त्याला मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "ही बोलली असती तर मी पैसे घेतलेच नसते." ती सुपात नागली पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैसे घेतल्यावर विचारलंस. मग काय बोलायचं?"

तिचं म्हणणं मला आजही पटतं. पैसे आधीच घेतलेले होते, म्हणजे त्याच्या "जाऊ ना?" मध्ये प्रश्न उरलाच नव्हता. त्याची माया खोटी नव्हती, पण निर्णय त्याच्या एकट्याच्या हातात होता. जीव लावणारा माणूस आपल्यावर हुकूम चालवतोय, हे बाईला बोलूनही दाखवता येत नाही. रागावणाऱ्याला उलट उत्तर देता येतं, काळजी करणाऱ्याला कसं देणार?

या पाड्यांवरच्या वारल्यांचं लग्न धवलेरीशिवाय, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईशिवाय, लागत नाही. बाईच्या तोंडून लग्न लागतं तिथे तिच्या कष्टाची बोली मात्र ती गैरहजर असताना ठरते, हे मला सोसत नाही. आणि भांडण पेटलं की "देज मोजलंय", म्हणजे तुझ्यासाठी तुझ्या माहेरी पैसे दिलेत, हे वाक्य येतंच. पुरुषांनो, ते वाक्य गमतीतही नको. बाईच्या वतीने पुरुषाने ठरवायची घरातली ही सवय पुढे ग्रामसभेतही जाते. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, पण सरपंचबाईला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तिचा नवरा देतो.

तुमच्या घरात काय चाललंय हे ओळखायचं असेल तर एवढंच पाहा: ती "नाही" म्हणाली की पुढे काय होतं? अबोला, टोमणे, आदळआपट होत असेल, तर तुमच्या विचारण्याला अर्थ नाही. विचारायचं तर पैसे घेण्याआधी, आणि "तुझं काय म्हणणं आहे?" असं. मग गप्प राहायचं. ती लगेच बोलणार नाही. ज्याला कधी कोणी विचारलं नाही त्याला वेळ लागतोच.

बायांनो, तुम्हालाही सांगते. मनातलं शेजारणीला सांगून मोकळं होऊ नका, त्याच्याशी बोला. दुखतंय, भीती वाटते, जायचं नाही, हे त्याला आपसूक कळेल अशी वाट पाहू नका. आणि अंगणवाडीताई, आशाताई, नर्सताई, सल्ला देताना नवऱ्यालाही शेजारी बसवा. त्याला वगळून फक्त बाईला सांगितलं की तो अडून बसतो, आणि ती दोघांच्या कात्रीत सापडते.

यंदा मुकादम दारात येईल तेव्हा दोघं मिळून त्याच्यासमोर बसा. घरात गरोदर बाई असेल तर कितवा महिना, बाळंतपण कुठे, हे आधी ठरवा. तिचं बोलणं पुरं झाल्याशिवाय उचलीला हात लावू नका.