वेताळ कोणी काढावा?

मागील वर्षी आमच्या भित्तिपत्रकाचा गूढकथा विशेषांक निघाला, तेव्हा वेताळाचे चित्र काढण्याचे काम माझ्याकडे आले. चार रात्री खपून मी सुळे, लाल डोळे, पिंजारलेले केस, वाढलेली नखे असे सुचेल ते सारे त्यात घातले. अंक फळ्यावर लागला आणि वर्गातील एका मैत्रिणीने चित्राकडे बघून विचारले, "याची दाढ दुखतेय का गं?" त्याच संध्याकाळी मी चित्र उतरवले. गोष्ट हसण्यासारखीच होती. पण इतके भयंकर सामान एकत्र करूनही भय का उत्पन्न झाले नाही, हा प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर मी ज्या चित्रकारांकडे शोधले, त्यांची नावे आपल्याकडे सौंदर्यशास्त्राच्या तासाला निघत नाहीत. निघावीत असे मला वाटते, म्हणून हा लेख.

मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना दोन वेताळ ठाऊक होते. एक जुना, अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त भेटणारा, प्रेतात शिरून राजाला पंचवीस गोष्टी सांगणारा. तो घराघरांत पोचला 'चांदोबा'मधून. दुसरा अमेरिकेतून आला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते १९९० पर्यंत चालले. त्यातील ली फॉक यांचा 'फँटम' मराठीत उतरला तो 'वेताळ' हे नाव घेऊन! नाव ठेवणाऱ्याचे मला कौतुकही वाटते आणि गंमतही. कारण हा वेताळ भूत नव्हेच. बापामागून मुलगा असे एकवीस पिढ्या तोच पोशाख आणि तोच मुखवटा चढवणारी ती माणसे आहेत. शत्रूला मात्र वाटते की हा चारशे वर्षे मेलेलाच नाही. म्हणजे वाचकाला सत्य माहीत आणि भ्यायचे ते दुसऱ्याने. चित्रकारापुढची खरी अडचण इथे आहे.

काकांच्या ट्रंकेत या अंकांचा गठ्ठा निघाला, तो मी सुटीत जमिनीवर पसरून पाहिला. मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवलेली, पोस्टरसारखी भरगच्च. आतील चित्रे मात्र एका हाताची नाहीत हे पहिल्या तासाभरातच ध्यानात आले.

या पात्राचा पहिला चित्रकार रे मूर. त्याचे काम मी पुढे पुनर्मुद्रणांत पाहिले. १७ फेब्रुवारी १९३६ ला ही दैनिक चित्रमालिका सुरू झाली ती त्याच्या कुंचल्याने. मूरच्या चित्रांत काळी शाई फार. आकृती अंधारातून अर्धीच बाहेर येते, बाकीची आपण मनाने पुरी करायची. डोळ्यांत बुबुळे नाहीत. ग्रीक पुतळ्यांच्या तशा डोळ्यांवरून ही कल्पना सुचल्याचे फॉक यांनी सांगितले आहे. या वेताळाकडे आपण चोराच्या नजरेने पाहतो आणि चोराइतकेच दचकतो.

मूर युद्धावर गेला आणि त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉय चित्रे काढू लागला. १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो काढीत होता. जाड बाह्यरेषा, सपाट रंग, ताठ उभी माणसे. जाणकार त्याला नाके मुरडतात; मीही आधी भराभरा पाने उलटली. मग एकदम पिंगुळीची चित्रकथी आठवली. तिथेही माणसे एका बाजूने दिसतात, डोळे टपोरे असतात, चेहरे फारसे बदलत नाहीत आणि त्यामुळे रामायणाचे काही बिघडत नाही. जंगलातील लोक वेताळाच्या आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मॅकॉयची चित्रे त्यांच्यापैकीच कुणी काढावीत तशी आहेत. भीती थोडी कमी, श्रद्धा अधिक. असे चित्र कच्चे म्हणून निकालात काढणे मला आता जमत नाही.

त्यानंतर साय बॅरी आला आणि १९९४ पर्यंत टिकला. स्नायू, घोडा, झाडे सारे अचूक. काकांचा आवडता तोच. पण त्याचा वेताळ इतका सुदृढ आणि सभ्य दिसतो की रात्री भेटला तर आपण त्याला पत्ता विचारू. मात्र १९७७ मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न झाले, पुढे जुळी मुले झाली. हे सारे मूरच्या अंधारात कसे मावले असते? मुखवट्याआडचा माणूस दाखवायचा तर बॅरीच हवा.

इथवर मी असे धरून चालले होते की झाकले की भय वाढते. 'चांदोबा'च्या शंकर यांनी ते खोटे पाडले. मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार २०२० मध्ये वारले. त्यांच्या विक्रम-वेताळाच्या चित्रात काहीच झाकलेले नाही. वस्त्राची चुणी न् चुणी दिसते. तरीही लहानपणी ते पान मी उशीखाली उलटे करून ठेवीत असे. का? कारण राजा पुढे बघत चालला आहे आणि खांद्यावर काय जागे झाले आहे ते त्याला दिसत नाही, आपल्याला दिसते. प्रेताचे ओझे त्याच्या चालीत आहे. माझी चूक मला इथे सापडली. मी नुसता वेताळ काढला होता. त्याला भिणारे, त्याचे वजन सोसणारे कुणी चित्रात नव्हतेच.

आणि आपल्याकडच्या मूळ वेताळाला तर बहुधा चेहराही नसतो. गावाबाहेर शेंदूर फासलेला तांदळा, भोवती लहान दगडांचे रिंगण. ते त्याचे सैनिक म्हणतात. गोव्यात लोलयेला मात्र तोच बेताळ पूर्ण मनुष्याकृतीत उभा आहे. पुणेकरांनी त्याच्या नावाने टेकडी ठेवली, पेठही ठेवली होती. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. टेकडीवर पहाटे फिरायला जाणारे आजोबा त्याला नमस्कार करून गुडघेदुखीविषयी बोलत उतरतात. भयाचे आणि सवयीचे हे नाते कुठल्या शैलीत काढावे, ते मला अजून उमगलेले नाही.

यंदा मी नवे चित्र केले. राजा पाठमोरा, उजव्या खांद्यावरून लोंबणारा एक हात, डोके चौकटीबाहेर. ती मैत्रीण बराच वेळ समोर उभी राहिली. दाढेविषयी काही बोलली नाही. म्हणाली, "तलवार डाव्या हातात का दिलीस?" उजवा हात प्रेत सावरण्यात गुंतला होता, हे मला तेव्हा कळले.