ठिपक्याचे अंतर

रात्री एस. टी.ने मंचरहून नारायणगावकडे येताना खिडकीतून दिवे दिसतात. एक मिणमिणता दिवा लगतच्या मळ्यातला असतो; दुसरा तितकाच मिणमिणता, पण तो असतो लांबच्या डोंगराजवळचा मोठा फोकस. नुसत्या उजेडावरून अंतर कळत नाही. आकाशाच्या छायाचित्रातील दीर्घिकांचेही असेच असते.

मग अंतर काढायचे कसे? नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या, जाळीच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. (28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तुमच्यापैकी काहीजण तेथे गेलेही असतील.) हायड्रोजनचा अणू 21 सें. मी. लांबीची रेडिओलहर सोडतो. ती आपल्यापर्यंत येईतो विश्व प्रसरण पावते व लहरही ताणली जाते. 21 ची 42 झाली, म्हणजे लांबी दुप्पट झाली. या वाढीला मूळ लांबीने भागले की 1 येतो. ही त्या दीर्घिकेची ताम्रसृती. अशी लहर सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वी निघालेली असते.

पण इतक्या दूरच्या हायड्रोजनची लहर फारच क्षीण असते. प्रकाशाचा वर्णपट घेऊनही ताम्रसृती मिळते, मात्र त्याला वेळ लागतो. म्हणून अमेरिकेतील स्लोन सर्वेक्षणासारख्या मोहिमांत आकाशाची छायाचित्रे पाच वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरांतून घेतली. वयस्क ताऱ्यांच्या दीर्घिकेत 400 नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश एकदम उतरतो. ताम्रसृती 0.5 असेल तर ही पायरी 600 वर सरकते. हिरव्या फिल्टरमधून दीर्घिका फिकी, तांबड्याच्या पलीकडे ठळक दिसते. कोणत्या फिल्टरपाशी पायरी लागली यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. धुळीनेही दीर्घिका तांबूस दिसते, तेव्हा फसगत होऊ शकते.

शेकडा दोनची चूक म्हणजे हा अंदाज उत्तमच. पण तो प्रत्येक कामाला पुरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील व बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने 7,653 दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. वर्गातील सर्वांनी एका तालात टाळी वाजवली तर पलीकडच्या वर्गात ऐकू जाते. ताल चुकला की नुसता कलकलाट. ताम्रसृती 1 असताना हायड्रोजनची रेषा 710 मेगाहर्ट्झवर येते, आणि तिची रुंदी जेमतेम एक मेगाहर्ट्झ. शेकडा दोन चुकलो तर 14 मेगाहर्ट्झने चुकलो! तेथे रंगांवरचा अंदाज निरुपयोगी. हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने या दीर्घिकांचे वर्णपट आधीच घेतलेले होते, म्हणून संदेश जुळले.

2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की नवा वायू आला नसता तर साठा 100 ते 200 कोटी वर्षांतच संपला असता. पुढे विश्वात ताऱ्यांचे जन्म का रोडावले, याचे कारण येथे सापडते.

2023 साली याच दुर्बिणीने टिपलेल्या एका एकट्या दीर्घिकेची रेषा 48 सें. मी.वर मिळाल्याचे जाहीर झाले. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले होते. तिची ताम्रसृती वहीत काढून पाहा; उत्तर 1.3 च्या जवळपास यायला हवे.