बीपीची गोळी : सोडायची, की बदलून घ्यायची?



काही दिवसांपूर्वी आजाऱ्यांच्या भेटीसाठी गेलो असता एका घरी मावशींनी उशाखालचा डबा उघडून दाखवला. आत बीपीच्या गोळ्यांची पाने तशीच्या तशी होती. “फादर, गोळी घेतली की पाय सुजतेत, म्हणून सोडली. डॉक्टरले सांगतलं नाही,” त्या म्हणाल्या. मला त्यांच्यावर रागावता आले नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केले होते. संध्याकाळपर्यंत घोटे सुजत, बूट घट्ट होत. मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. सूज गेली, बरे वाटले. दीड महिन्याने सहज बीपी मोजले तर १९०/११० ! मला तर काहीच होत नव्हते.

म्हणून आज हा विषय घेतला आहे. औषधाचा त्रास होतो हे खोटे नाही. पण त्रास होतो म्हणून औषध सोडणे आणि त्रास होतो म्हणून औषध बदलून घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना अनुभव काय सांगतो?

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात महात्मा गांधी राहत असत. त्यांच्या जपून ठेवलेल्या वैद्यकीय नोंदींत १९३७ साली रक्तदाब १९४/१३० आणि १९४० साली २२०/११० असा लिहिलेला आढळतो. एवढा दाब असूनही त्या काळी डॉक्टरांच्या हाती देण्यासारखे खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती घ्या, मौन पाळा, आहार सांभाळा, एवढेच सांगता येई.

पुढे १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि जगभर वापरले गेले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण मोठ्या मात्रेत हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना नाक चोंदणे, सुस्ती आणि मनाची खोल उदासी असा त्रास होऊ लागला. आज त्याहून सोसवणारी औषधे असल्याने ते फारसे दिले जात नाही.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, ‘झाडपाल्याचे आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज बरोबर नाही. जे औषध शरीरावर काम करते, ते कधी नको तिथेही काम करते. दुसरा, आज आपल्याला निवड आहे. गांधीजींना ती नव्हती.

कोणत्या गोळीने काय होऊ शकते?

१. अ‍ॅम्लोडिपिन : भरवशाची, स्वस्त गोळी. पायांवर सूज, डोकेदुखी, चेहरा गरम होणे हे त्रास काहींना होतात. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमला सूज अधिक.

२. एनालाप्रिल, रामिप्रिल : साधारण दहातल्या एकाला कोरडा खोकला लागतो. लोक महिनोन् महिने खोकल्याचे औषध पीत राहतात. गोळी बदलली की खोकला थांबतो.

३. टेल्मिसार्टन, लोसार्टन : खोकला क्वचितच, बहुतेकांना सोसतात. मात्र मूत्रपिंड व पोटॅशियमसाठी रक्त तपासावे लागते. क्रमांक २ व ३ च्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहिले असतील किंवा तशी इच्छा असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यासाठी वेगळी औषधे आहेत.

४. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड) : उपयोगी आहेत, पण सोडियम व पोटॅशियम कमी होऊ शकते, युरिक अ‍ॅसिड वाढू शकते. आपल्या मे महिन्याच्या उन्हात वयस्कर माणसाला या गोळीवर चक्कर आली किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर थांबू नका, दाखवा.

५. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल : थकवा येतो, नाडी मंदावते, दम्याच्या रुग्णांना जपून. हृदयविकार असेल तर त्या मोलाच्या ठरतात. एकदम बंद करणे धोक्याचे.

आणखी एक गोष्ट. एका गोळीची मात्रा दुप्पट केली म्हणजे गुण दुप्पट येत नाही, त्रास मात्र वाढू शकतो. पुष्कळदा दोन वेगळ्या गोळ्या थोड्या थोड्या मात्रेत दिल्या की दाब चांगला उतरतो आणि त्रासही कमी राहतो. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी तेच केले. १० ची अ‍ॅम्लोडिपिन ५ वर आणली आणि टेल्मिसार्टन जोडली. सूज गेली. ‘दोन गोळ्या म्हणजे आजार वाढला’ असे समजू नका.

दोष खरोखर गोळीचाच का?

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक चूक आम्हाला वारंवार दाखवली जाई : एक गोष्ट दुसरीनंतर घडली, म्हणून ती तिच्यामुळेच घडली असे मानणे. गोळी सुरू झाल्यावर गुडघा दुखला, म्हणून गोळी वाईट! औषधांच्या चाचण्यांत नुसती पिठाची गोळी घेणारेही चक्कर व थकव्याची तक्रार करतात. म्हणून वहीत लिहा : त्रास कधी सुरू झाला, किती वाजता होतो, त्या दिवशी बीपी किती होते. त्यावरून डॉक्टरांना ठरवता येते.

उलटही घडते. गोळी लागू पडत नाही असे वाटते, पण कारण दुसरेच असते. कापूस वेचून पाठ धरली की आपण मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढते, मूत्रपिंडावरही ताण येतो. स्टेरॉइडचेही तसेच. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणेही बीपी वाढवू शकते.

बिनत्रासाचा उपचार

असा उपचार आहे, पण तो बाटलीत मिळत नाही. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ. लोणचे, पापड, ठेच्यातले मीठही त्यातच मोजायचे. सैंधव हेही मीठच! कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी व टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते विचारूनच वापरावे. रोज अर्धा तास भरभर चालणे, वजन उतरवणे, दारू व तंबाखू सोडणे याने दाब आणि हृदयाचा धोका दोन्ही उतरतात. काहींची गोळी यामुळे कमी होते. पण ती डॉक्टरांनी कमी करायची.

मोजतानाही घाई नको. पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा; आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोनदा मोजा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्यावर वारंवार आले, तर ते जास्त समजतात.

खर्चाची चिंता असेल, तर सरकारी रुग्णालयात विचारा. जनऔषधी केंद्रात याच गोळ्या स्वस्त मिळतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातून पहिल्यांदा वर्धा, भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले गेले. तेथे मोजक्या, स्वस्त गोळ्या ठरलेल्या क्रमाने देणे आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावणे यावर भर होता. महाग औषधापेक्षा नियमित औषध मोठे, हेच त्याचे सार.

शेवटी

प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून गोळ्या फेकून देणारेही मला भेटले आहेत. बेनसिरा ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी वाचा. तेथे प्रार्थना आणि वैद्य, दोघांनाही जागा आहे. एकासाठी दुसऱ्याला हाकलू नका.

त्या मावशी आता मुलासोबत दवाखान्यात जाऊन आल्या. डबाभर गोळ्या त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि खरे सांगितले. गोळी बदलून मिळाली. लकवा झाल्यावर सांगण्यापेक्षा हे किती सोपे!

*घरात बोलण्यासाठी :*
(१) आपल्या घरात कोणाची गोळी गुपचूप बंद आहे का?
(२) तीस वर्षांवरील प्रत्येकाचे बीपी या वर्षी मोजले का?
(३) महिन्याला आपल्या घरी किती मीठ लागते?

आपला,
धर्मगुरू