डंख मनगटावर, नजर अंगावर

धान कापणीला आलं होतं. ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेकडच्या आमच्या बांधीत, धुऱ्यावरच्या बोरीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. काकांचा विळा फांदीला लागला आणि मनगटावर दोन डंख बसले. कुणी विळ्याचं पातं घासलं, कुणी डबीतला चुना लावला. मनगट फारसं सुजलं नाही, म्हणून सगळे परत कापणीला लागले. तेवढ्यात काका तळहात खाजवायला लागले. मग पोटावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज घोगरा झाला.

मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यायचं घाटत होतं. आशाताईंनी अडवलं. रक्तदाब घसरलेल्या माणसाला उठवून बसवलं, तर जीव जाऊ शकतो. पिकअपमध्ये तणस अंथरून, पाय उंच ठेवून त्यांना आडवं नेलं. दवाखान्यात मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनालिन दिलं आणि थोड्याच वेळात श्वास मोकळा झाला. त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो, डंखाची जागा किती सुजली ते नंतर बघा. डंखापासून दूर कुठे गांधी, ओठ-जिभेला सूज, धाप, उलटी, भोवळ दिसली की लगेच 108 लावा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या चारचाकीने निघा. माणसाला आडवंच ठेवा. धाप लागली असेल तरच टेकून बसवा, चालवू मात्र नका. सेट्रिझिनने खाज कमी होते, पण घसा आवळला तर ती गोळी कामाची नाही. तिथे ॲड्रेनालिनच लागतं.

एरवी साबण-पाण्याने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून शेका, सूज चढण्याआधी अंगठी-बांगड्या काढा. विष कातडीखाली गेलेलं असतं, चुना तिथवर पोचत नाही. शेण-माती तर नकोच, जखम चिघळते. गांधीलमाशी काटा सोडत नाही, उकरू नका. ती पुन्हा पुन्हा डसते, आधी तिथून हला. मधमाशीचा काटा मात्र रुततो आणि विष सोडत राहतो. तो नखाने, जमेल तसा, पण तत्काळ काढा.

मोहफुलं किंवा तेंदूपत्ता तोडताना आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून पळा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर घोंघावत थांबतात. खूप डंख बसले असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना गाठा. घरी आल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडावर ताण आलाय असं समजा आणि रात्र असली तरी निघा.