जुन्या संगणकाचा कोणता भाग बदलाल?

नंदुरबारला मे महिन्यात पारा ४०° सेल्सियसच्या वर जातो. अशा वेळी घरचा जुना संगणक खेळताना अडखळू लागला, तर लगेच नवे भाग घेऊ नका. पैसे वाया जातील. आधी प्लग काढून पंख्यांवरची धूळ पुसा. फार तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.

तरीही अडखळतो? मग हा प्रयोग करा. पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळाच्या सेटिंगमध्ये १२८० × ७२० निवडा. ठिपके ९,२१,६०० उरतील. आता खेळ सुरळीत चालला, तर ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे. फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा मेमरी तपासा. नवे कार्ड घेण्यापूर्वी पॉवर सप्लायवरील वॅटचा आकडा वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे खरे कारण सापडेल.