‘रुपयाचा प्रश्न’ : जुना ग्रंथ, आजचा उपयोग

आमच्या चेंबूरच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “बाबासाहेबांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ सालचा. त्यातले सोन्याचांदीचे चलन आज राहिले नाही. मग तो वाचायचा कशासाठी?” प्रश्न रास्त होता. बँकेत वर्षानुवर्षे नोटा मोजूनही आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ग्रंथाचा विषय पाहू. १८९३ पर्यंत कोणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी ही मुभा बंद झाली व रुपये पाडणे सरकारच्या हाती गेले. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स राखणारी सुवर्ण विनिमय पद्धती रूढ झाली. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तिचे समर्थन केले. बाबासाहेबांनी मात्र तिचे वैगुण्य दाखविले. या पद्धतीत चलन किती काढावे याला लगाम नाही. चलन वाढले की भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते. रुपया उतरल्याने व्यापाऱ्याला होणारा नफा मजुराच्या खिशातून येतो, हा त्यांचा मुद्दा होय. म्हणून नवे रुपये पाडण्याची मुभा सरकारलाही नसावी, असे त्यांनी सुचविले. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापन केली, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. तसे नाही. या आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला व १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांचे मोठेपण अतिशयोक्तीवर अवलंबून नाही.

आता मूळ प्रश्न. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले आणि सोन्याशी बांधलेल्या चलनाचा काळ संपला. तेव्हा ग्रंथातील सोन्याचा उपाय जुना झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु उपाय जुना झाला म्हणून रोग गेला काय? २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे लक्ष्य ४ टक्के, त्यात २ टक्के कमी-अधिक, असे ठरले. ही दुरुस्ती त्या ग्रंथावरून झाली, असा आमचा दावा नाही. पण चलन काढणाऱ्यावर नियमाचे बंधन हवे, हा विचार तोच आहे.

समजा, १०० रुपयांचे वाणसामान वर्षाने १०६ रुपयांना झाले आणि घरकाम करणाऱ्या भगिनीचा पगार शंभराला दोनच रुपयांनी वाढला. तिच्या हाती जास्त नोटा आल्या, पण पिशवी हलकी झाली. हे गणित आम्ही काउंटरवर रोज पाहतो.

विद्यार्थी मित्रांनो, जुना सिद्धांत वाचताना त्यातील उपाय आणि प्रश्न वेगळे करा. उपाय काळाप्रमाणे तपासा. प्रश्न मात्र सोडू नका. रुपयाची किंमत घटते तेव्हा नुकसान कोणाचे होते, हे बाबासाहेबांनी विचारले. ग्रंथ कपाटात पूजेला न ठेवता आपणही तेच विचारू या.

जयभीम!